सगळ्या जणी नाल्याला

दिंडोरीच्या अलीकडे एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये मी बरेच हंगाम काम केलं. घड हातात घ्यायचा, कात्रीने बारके, चिरलेले मणी काढायचे आणि घड डब्यात ठेवायचा. सोपं वाटतं. दिवसभर करून बघा, मग बोला.

शेडमध्ये सगळं होतं. पंखे, माल ठेवायची थंड खोली, भिंतीवर कॅमेरा. फक्त बायकांना संडास नव्हता. बागेमागच्या नाल्याला जायचं. तिथल्या बाभळी तोडल्यापासून आडोसाही राहिला नव्हता. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. ऐन उन्हाळ्यात माझी लघवी जळायची. डॉक्टर म्हणाला, "आजी, पाणी पीत जा." त्याला काय नाला दाखवू?

मालक वाईट नव्हता. गोड होता, तेच वाईट. म्हणाला, "मावशी, पुढच्या हंगामाला तुमच्यासाठी पक्का संडास, टाइल्स लावून." आम्ही इतक्या खूश, की खाली पडलेला मणीसुद्धा उचलून ठेवायचो आणि सुट्टी झाल्यावरही उरलेला माल संपवूनच उठायचो. पुढच्या हंगामाला विटांची ट्रॉली आली. दार कुठल्या बाजूला हवं यावरून दोघी जणी भांडल्यासुद्धा. त्याच्या पुढच्या हंगामाला येऊन बघतो तर विटांचं छान घर उभं. आत मालकाचा कुत्रा.

"अगं माय, याला तर खिडकी पण काढली!" माझ्या शेजारी बसणारी म्हणाली.

"त्याला आपल्यापेक्षा लाज जास्त असंल," मी म्हटलं.

मालक म्हणाला, "मावशी, लय नाजूक जात आहे हो त्याची, उन्हात मरेल. तुमचं पुढच्या वर्षी नक्की."

कोणी भांडलं नाही. भांडलं तर उद्या कामावर कोण घेणार? पण हात बदलले. मणी पडला तर पडला. सुट्टी झाली की पायात चपला. आणि मी सगळ्यांना सांगितलं, "उद्यापासून पाणी प्यायचं. पोटभर."

आता आमच्याकडे बाई एकटी नाल्याला जात नाही. ही रीत काही मी काढलेली नाही. एकीला लागली की तिची सोबतीण उठते. साडीचा आडोसा धरायला आणखी दोघी उठतात. मागे राहिलेल्यांना वाटतं, या तिकडे आपल्याबद्दलच बोलणार, म्हणून त्याही उठतात. अख्खी शेड नाल्याला. परत येऊन कात्री हातात घेतली की दुसरीला लागायची.

इकडे घड बाहेर पडून. थंड खोलीत वेळेवर गेले नाहीत तर देठ सुकतात आणि परदेशात जाणारा माल गावच्या बाजारात जातो. मालक धावत आला.

"अहो मावशी, एकेक जणी जा ना!"

"बाईमाणसाला एकटं पाठवता? काही झालं तर?"

"मग दुपारी जा, जेवणाच्या सुट्टीत."

"दादा, ते आमच्या हातात नसतं."

"बरं, पुढच्या वर्षी नक्की..."

"काय, कुत्र्याला वरचा मजला काढताय?" शेजारची म्हणाली. मालकाचा ड्रायव्हरसुद्धा तोंड फिरवून हसला.

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. टाइल्स नाहीत, पत्र्याचं दार आहे, पण कडी आतून लागते. माझी जळजळ थांबली.

मालकाला वाटलं, आता या पहिल्यासारख्या जीव लावून काम करतील. काम आम्ही नीट करतो. पडलेला मणी मात्र पडलेलाच असतो.

गेल्या हंगामाला तो म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी तुम्हाला बसायला खुर्च्या." मी तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायले आणि नाल्याकडे बघितलं.

खुर्च्या त्याच आठवड्यात आल्या.