शेवटचा साचा

एकाही माणसाचं नाव लक्षात न ठेवता अख्खं लातूर ओळखणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या मेसवर जेवायला येणारे, वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर. बाजारात कुणी नमस्कार केला की ते चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. तो हसेपर्यंत थांबायचे, आणि दात दिसले की गावासकट ओळख पटायची. अहमदपूरचे एक गुरुजी त्यांच्या लेखी 'वरचा जबडा पुढं' होते आणि त्यांची मुलगी 'सुळा वर'. दवाखान्यातल्या कपाटात, देव मांडावेत तसे, प्रत्येकाच्या दातांचे प्लास्टरचे साचे होते. उपचाराआधीचा एक, संपल्यावरचा एक. ही अडगळ काढा, असं घरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा डॉक्टर रुसून आमच्या मेसवर जेवायला आले. रुसवा दोन दिवसांत गेला, मेस काही सुटली नाही.

मी कंधारकडचा, या मेसवर भाकऱ्या थापायचो. तोंड मिटलं तरी माझे वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना लागत नसत; मधून बोट जाईल एवढी फट. वर्गात वाचायला उभं केलं की पोरं हसायची. आठवीत शाळा सुटली, तोंडावर हात धरून बोलायची सवय तेवढी राहिली. मी भाकरी दाढेनं तोडतो हे डॉक्टरांनी पाहिलं, आणि आपलं ताट सारून मला घोटभर पाणी गिळायला लावलं. बोटानं ओठ बाजूला धरून म्हणाले, "जीभ ढकलायलीय दातांला. दातांचा काय गुन्हा न्हाई." मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलले.

दोन वर्षं तारा होत्या. जीभ टाळूला लावून गिळायचा सराव होता, त्यावर डॉक्टर जेवता जेवता पहारा ठेवायचे. ते "जीभ!" म्हणाले की सगळी पंगत घास थांबवून जीभ टाळूला लावायची.

तारा निघाल्या आणि बेंगळुरूला हॉटेलात काम लागलं. आता दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट दिवसरात्र लावायची, फक्त जेवताना काढायची. "न्हाई लावली तर दात आपल्या गावाला परत जातेत. अन् कागदात गुंडाळून ठेवू नको," त्यांनी बजावलं होतं. मी बसमध्ये नेमकी कागदात गुंडाळली, आणि जेवण झाल्यावर भाकरीच्या कागदासोबत खिडकीबाहेर फेकली.

आठ दिवस आरशात फट शोधत राहिलो. फोन करायचा धीर होईना. शेवटी केला, नाव सांगितलं. त्यांना काही उमजेना. मग म्हणालो, "फट बोलतोय."

"मग असं सांग की."

रागावतील म्हणून, प्लेट चुकून बसमधून फेकली गेली, हे एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, "शेवटचा साचा हाय ना माझ्याकडं. त्याच्यावर दुसरी करतो. घट्ट बसंल, भिऊ नको."

ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. सुपारीच्या डबीत प्लेट, सोबत मेसवरची कडक भाकरी आणि चिठ्ठी: पुढच्या दातानं तोड, फोटो पाठव. तोडली. भाकरीला चंद्रकोरीसारखा चावा उमटला. प्लेट लावली, डोळ्यांत पाणी येईल इतकी घट्ट, पण बसली.

पार्सलवर माझं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, बिनचूक. मेसवर विचारून घेतलं असणार. इथंही सगळे मला त्याच नावानं हाक मारतात. फट म्हणणारं कुणी नाही. ती राहिली लातूरला, कपाटात, पहिल्या साच्यात.