हाकेला ओ

बारशाच्या आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन बाळाचं नाव ओरडून बघायचं, अशी आमच्या गल्लीत पद्धत होती. कुठल्या पोथीत ती सापडायची नाही. गारखेड्यातल्या आमच्या त्या एका गल्लीपुरतीच ती होती आणि ती समोरच्या घरातल्या आत्यांनी सुरू केली होती. पदर खोचून त्या गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहायच्या, तोंडाशी हात धरायच्या आणि अजून कुणाचंच नसलेलं ते नाव चारी दिशांना पाठवून द्यायच्या. मग क्षणभर कान देऊन ऐकायच्या आणि खाली येऊन निकाल सांगायच्या. "पोचतं," नाहीतर "नाय पोचत." न पोचणारं नाव ठेवायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

आत्या मूळच्या गंगापूरकडच्या. चांगली बागायत, दारात बैलजोडी, सगळं होतं. पण लागोपाठ दुष्काळ पडला, विहिरीनं तळ दाखवला, उभा ऊस वाळून गेला, तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना जबरदस्तीनं शहरात आणलं. आमच्या समोरच त्यानं नवं घर बांधलं होतं. तेव्हा आमच्या भागात रोज कुठंतरी नवा स्लॅब पडायचा, आणि प्यायला मात्र टँकर. आत्या सामान थोडं घेऊन आल्या, पण आवाज सगळा घेऊन आल्या. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची जन्मभराची सवय! घरात साधं "चहा टाक गं" म्हणाल्या तरी आमच्याकडं आधण चढायचं.

टँकरच्या दिवसांत तो आवाज आम्हाला देवासारखा वाटायचा. टँकर कोपऱ्यावर वळला की आत्या गच्चीवरून बायांना मुलांच्या नावानं बोलवायच्या. तिथंच पंचाईत झाली. "आरवच्या आईऽऽ" अशी हाक गेली की अर्धी गल्ली हंडे घेऊन बाहेर! त्या वर्षांत जन्मलेला दर दुसरा-तिसरा पोरगा आरव. आत्या कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अगं, एका घरानं ठेवलं म्हणून सगळ्यांनीच ठेवायचं व्हय? आंब्याच्या पेटीवर शिक्का मारावा तसं चाललंय तुमचं."

माझी त्यांची ओळख अशाच एका टँकरपाशी झाली. मला सातवा महिना होता. माझ्या हातातली कळशी काढून घेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव काय काढलं?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "मोबाइलमधून काढू नको बाई. तिथनं सगळ्यांनीच काढलंय."

त्यांची कसोटी एकच होती. "चुलीवर भाकर हाय, कडेवर दुसरं लेकरू हाय, आन् तोंडातनं नाव सुटलं पाहिजे. जीभ अडखळली की माणूस हाक मारायचं टाळतंय." आमच्या शेजारी हृदान नावाचा गोड मुलगा होता. आत्यांच्या तोंडी तो रुदान झाला. त्याच्या आईनं अगदी ओठ दाखवून उच्चार शिकवला. आत्यांनी मन लावून शिकून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला 'ए, पांढऱ्या गाडीवाल्याच्या पोरा' म्हणायला लागल्या. मात्र त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं काही नाही. कोपऱ्यावरच्या तन्वीचं नाव त्यांनी 'नाय पोचत' म्हणून नापास केलं होतं. तिच्या आईनं हट्टानं तेच ठेवलं. ती पोरगी पुढं दोन गल्ल्या पलीकडून आईच्या एका हाकेत धावत यायची. आत्यांना ते दाखवलं तर म्हणाल्या, "पोरीचे कान तिखट हायेत. नावात काय नाय." हार मानतील तर आत्या कसल्या!

गल्लीतली सगळी घरं नवी, कुणी गंगापूरचं, कुणी जालन्याकडचं. नात्यातली खरी आत्या बारशाला वेळेवर पोचेलच याची खात्री नसायची. मग बाळाच्या कानात नाव सांगायचा मान यांच्याकडं जायचा. कुर्रर्र करून नाव सांगताना पाठीत धपाटे घालायचे असतात, तेही आम्ही मनापासून घालायचो. गल्लीच्या आत्या त्या अशा झाल्या. खरं नाव कुणाला माहीतच नव्हतं.

एकदा सांडगे घालताना मीच विचारलं. आत्या, मी आणि सासूबाई, तिघीच होतो. आत्या म्हणाल्या, "कोणतं? पहिलं का दुसरं? दुसरं सुमन. लग्नात ताटातल्या तांदळात मालकांनी लिहिलं, ते. पहिलं गोदावरी. माहेर नदीकाठचं ना. गोदा म्हणायचे सगळे. आई म्हणायची, भाऊ म्हणायचा." मग बोटाला लागलेलं पीठ निपटत म्हणाल्या, "आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाय." एरवी गल्ली हलवणारा आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई खाली बघत सांडगे घालत राहिल्या.

माझ्या मुलाच्या नावावरून मात्र घरात महाभारत झालं. मला अथर्व ठेवायचं होतं. सासरे आदल्याच वर्षी गेले होते. सासूबाईंनी ठाम सांगितलं, "माणूस परत आलाय. नाव सोपानच." आमचे हे आईच्या बाजूला. उरल्या आत्या. माझी सगळी आशा त्या गच्चीवर होती! आत्या वर गेल्या आणि "सोपानाऽऽ" अशी हाक दिली. दोन घरं सोडून टाकी बसवणारा प्लंबर खाली वाकून बघायला लागला. आत्या प्रसन्न चेहऱ्यानं खाली आल्या. "लई पोचतं!" मला रडूच आलं.

पण त्यांच्या पद्धतीत शेवटची एक गोष्ट असायची. आईनं एकदा हाक मारून दाखवायची. त्या माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "ती कशी घील? सासऱ्याचं नाव हाय. आमच्यात घेत नायत."

"मग तुम्ही घ्या."

"मी?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "नवऱ्याचं?"

आत्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. "म्हंजे घरातल्या दोन्ही बायांच्या तोंडात येत नाय ते नाव तुम्ही ठेवायला निघालात! लेकराला बोलवायचं कुणी? मी?"

आणि झालंही तेच. बारसं थाटात झालं, आत्यांनी पाठीवर धपाटे खात 'सोपान' सांगितलं आणि पुढं बोलवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. आमच्या यांची शेंद्र्याला कंपनीत शिफ्ट, ते घरी असायचे कमी. मी मुलाला पिल्लू म्हणायचे. सासूबाई तर त्याला 'मालक' म्हणायच्या, आणि तेही अहो-जाहो करून! "मालक, दूध प्या. मालक, चड्डी घाला." त्याला रागवायचीही सोय नव्हती. मी जरा आवाज चढवला की त्या म्हणायच्या, "हळू बोल. नाव कुणाचं हाय!" संध्याकाळी त्याला खेळातून बोलवायचं असलं की मी समोर बघून नुसती खूण करायचे. आत्या हाक मारायच्या. मारून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणायच्या, "एक दिवस तुला घ्यावं लागंल बाई. मी काय जन्माला पुरती व्हय?" मी हसून सोडून द्यायचे.

तो दिवस कर्णपुऱ्याच्या जत्रेत आला. पोरगं चार वर्षांचं झालं होतं. तेव्हाही पाऊस दडी मारून बसलेला, नवरात्र असून सगळीकडं धूळच धूळ. पण माणूस! शहर एवढं वाढलंय हे मला त्या जत्रेत कळलं. सासूबाई, मी, आत्या आणि पिल्लू असे दुपारीच गेलो होतो. देवीचं दर्शन झालं, बांगड्यांच्या दुकानापाशी थांबलो. मला वाटलं तो सासूबाईंजवळ आहे, त्यांना वाटलं माझ्याजवळ. बघतो तर तो कुणाजवळच नव्हता.

मी "पिल्लूऽ, पिल्लूऽ" करत धावले, तर जो तो पोरगा वळून बघायला लागला. सगळ्याच आया आपल्या पोरांना पिल्लू म्हणतात, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! सासूबाई "मालक, अहो मालक" करत फिरायला लागल्या, तर दोन दुकानदारांनी "काय पाहिजे मावशी?" म्हणून विचारलं. आत्यांनी छाती भरून "सोपानाऽऽ" हाक दिली. शिवारभर जाणारा तो आवाज मोठ्या पाळण्यापर्यंतही गेला नाही. इकडं भोंगे, तिकडं पिपाण्या. आत्यांनी पुन्हा पुन्हा हाका मारल्या आणि शेवटी त्यांचा गळाच बसला. त्यांचा आवाज कमी पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आता संपलं, असं मला वाटलं.

आम्ही माइकच्या मंडपात गेलो. तिथला मिशीवाला स्वयंसेवक म्हणाला, "नाव बोला बाई, लेकराचं."

मी म्हटलं, "पिल्लू."

"ओ बाई, पिल्लू तो यहाँ सब है. असली नाम बोलो ना!"

पोरगं हरवलंय, जीव जायची वेळ आलीय, आणि नाव तोंडातून निघत नाही! आत्या पुढं झाल्या, माइक हातात घेतला, पण घशातून नुसती खरखर आली. त्यांनी तो माइक तसाच माझ्या छातीशी आणून टेकवला. "तूच घे. त्याला आईचा आवाज पाहिजे."

मी सासूबाईंकडं पाहिलं. एवढ्या आकांतातही पाहिलं. त्या एकदम ओरडल्या, "माझ्याकडं काय बघायलीस? घे नाव! लेकराचं हाय ते, लेकराचं!"

मी हाक मारली. "सोपानाऽऽ! सोपाऽन! अरे, आई इथं आहे, माइकपाशी ये!" एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. तो जन्मल्यापासून पोटात साठलेल्या सगळ्या हाका त्या भोंग्यांतून सुटल्या. मग माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि सासूबाईंनी माइक घेतला. डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "सोपाना... ये रे. लवकर ये."

थोड्या वेळानं गर्दीतून एक फुगेवाला आला. त्याच्या खांद्यावर आमचे मालक, हातात फुगा, तोंडाला साखरेचा कापूस. "भोंग्यात आवाज आला तसा म्हणाला, माझी आई बोलायली," फुगेवाला सांगत होता. मी पोराला असं आवळलं की तो फुगा फुटला. तो चेहरा वर करून म्हणाला, "आई, तू मला आत्यावाल्या नावानं का बोलवलं?" आम्ही तिघी एकदमच रडायला आणि हसायला लागलो. आत्यांचं हसणं नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं, आणि ते काही फक्त पोर सापडलं म्हणून नव्हे.

त्यानंतर घरात सोपान मोकळा झाला. मी त्याला नावानं बोलवू लागले, आणि नावानं रागावूही लागले. सासूबाई तर रोज तिन्हीसांजेला फाटकाशी उभं राहून "सोपानाऽऽ" हाक मारायच्या. मी आतून म्हणायचे, "अहो, तो इथं आत जेवतोय." एकदा आत्यांनी मला गप्प केलं. "मारू दे तिला. तिला ठाऊक हाय तो आत हाय ते."

पुढच्या साली पाऊस धो धो पडला. आत्यांच्या विहिरीला पाणी आल्याचा फोन गावाकडून आला आणि त्यांनी त्याच दिवशी बोचकं बांधलं. मुलगा रागावला, सून रडली, पण आत्या ऐकतील तर शप्पथ! सगळी गल्ली निरोपाला आली. साऱ्या आरवांच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, हृदानला जवळ घेऊन "रुदान" म्हणाल्या आणि त्याच्या आईनं तेही गोड मानून घेतलं. सासूबाई तेवढ्या दिसत नव्हत्या. आत्यांनी दोनदा आमच्या दाराकडं पाहिलं आणि गंगापूरच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

जीप कोपऱ्यापर्यंत गेली होती. एवढ्यात आमच्या गच्चीवरून हाक आली, "गोदेऽऽ!" मी वर पाहिलं. सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, तोंडाशी हात.

जीप थांबली. खिडकीतून पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं. कोण बोलावतंय हे बघायच्याही आधी, आईनं हाक मारल्यावर मूल देतं तशी, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आत्यांनी ओ दिली.

"ओऽऽऽ!"