आरशामागची टिकली

देवळाली प्रवऱ्यात सहादेवतात्यांना कोणी चहा पाजला, तर तात्या आधी कपात बघायचे आणि मग पाजणाऱ्याच्या तोंडाकडे. जन्म गेला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या मोळीत दगड कुठे दडवतात, ट्रॉली काट्यावर असताना कोण हळूच तिला टेकून उभा राहतो, हे बघण्याचाच त्यांना पगार होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, बघणं काही थांबलं नाही. भाजीवाली लंकाबाई त्यांना लांबून येताना बघूनच तराजू पुसायला लागायची.

अशा माणसाने दिवाळीला नवी गाडी घेतली. वस्ती कालव्याच्या कडेला, दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. दिवस मावळल्यावर मोटारसायकलवर मागे बसून यायला राहीबाई, म्हणजे तात्यांच्या बायको, जाम घाबरायच्या. या गाडीचा अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा झोत, अंधार पडला की आपोआप लागायचा, समोरून कोणी आलं की दिवे आपोआप डिप्परवर यायचे आणि वाहन गेलं की पुन्हा अप्पर. पहिल्या संध्याकाळी तात्यांनी कालव्यावर तीन चकरा मारल्या आणि गाडीचीही परीक्षा घेतली. गाडी पास झाली.

रविवारी लोक गाडी बघायला आले. लंकाबाई बोनेटवरून हात फिरवत म्हणाली, "तात्या, लई भारी गाडी घेतली वो!" त्यातलं ते 'लई' तात्यांना खटकलं. लिंबू-मिरची बांधलेली होती, पण ती सगळेच बांधतात, आणि उघड बांधलेलं कोणीही तोडून नेतं. सगळे गेल्यावर तात्यांनी राहीबाईंच्या पाकिटातली सगळ्यात मोठी काळी टिकली घेतली आणि दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या काचेला बाहेरून लावून टाकली. जागाही अशी शोधली, की आतल्या आरशाच्या बरोबर मागे, जिथे काचेला मुळातच काळा पट्टा असतो. काळ्यावर काळी. कोणाला दिसायला नको, हसायला नको आणि काढायला तर मुळीच नको. राहीबाईंनासुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी गाडी नोहाच्या गॅरेजला नेली, मोठा हॉर्न बसवायला. नोहा म्हणजे सत्यवानचा मुलगा. सत्यवान आणि तात्या एकाच काट्यावर होते. चर्चमधून येताना सत्यवान नाताळचा केक तात्यांच्या घरी आणायचा, आणि तात्या तो न तपासता खायचे, एवढा तो दोस्ताना. सत्यवान वारल्यावर विश्वासाचं तेवढं एक माणूस कमी झालं. तरीही गाडीचं काम चालू असताना मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहायचं हा तात्यांचा नेम नोहालाही लागू होता. त्या दिवशी मात्र अजिनाथच्या हॉटेलातून हाक आली आणि तात्या एक कप चहा प्यायला गेले. तेवढाच काय तो वेळ गाडी नजरेआड झाली.

त्या संध्याकाळी अप्पर लागला नाही. मंगळवारीही नाही. तात्यांनी बटण बघितलं, कांडी पुढे-मागे केली, दिव्यांच्या काचा पुसल्या. दिवे जवळच्या खड्ड्यांशीच घुटमळत होते आणि पुढे कालव्यावर मिट्ट काळोख. राहीबाईंनी पदर घट्ट धरला. तात्यांच्या डोक्यात मात्र अजिनाथचा तो चहा उकळायला लागला.

बुधवारी ते नोहासमोर उभे राहिले. "नोहा, अप्पर लागंना."

नोहाने गाडीभोवती एक फेरी मारली. फ्यूज बघितले, दिवे बघितले. मग पुढच्या काचेसमोर येऊन जरा थांबला. "तात्या, हे सगळं आरशामागच्या कॅमेऱ्यावर चालतं. काचेला काय लावलंय का तुमी?"

तात्यांना वाटलं, आला, दोष आपल्यावर ढकलायला आला. "काय न्हाई लावलं."

"एकदा बगा ना. बाहेरच्या बाजूनं?"

"न्हाई म्हनलं ना!"

नोहाने त्यांच्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "मग माझ्याकडनं हुनार न्हाई."

झालं! चोर आपणहून सापडला असं तात्यांना वाटलं. ते तिथून थेट अजिनाथच्या हॉटेलात गेले आणि भरल्या बाकांसमोर बोलून बसले, "कंपनीचा माल काढला आन् लोकल भरला. चहाला गेल्तो, तेवढ्यात!" तात्या काट्यावरचे. त्यांनी चोरी पकडली म्हणजे पकडली. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या कानिफनाथच्या दोन जीप दुरुस्तीला नोहाकडे असायच्या, त्या दुसऱ्या गॅरेजला जायला लागल्या. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं गेले. नोहाची बायको शॅरन बालवाडीत शिकवायची, तिच्या जिवावर घर चालेना. महिनाअखेर शटर ओढून चाकणला कंपनीत जायचं नोहाने ठरवलं. ही बातमी ऐकून तात्या म्हणाले, "पळनारच."

पण दिवे? ते काही लागेनात. तात्यांनी नगरच्या शोरूमला फोन लावला. पलीकडून एका मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, कॅमेऱ्यासमोर काचेवर काही चिकटवलंय का?"

तात्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडेच रोखून बघितलं. तोच प्रश्न! म्हणजे नोहाने इथपर्यंत संधान बांधलंय. या सगळ्यांचं साटंलोटं आहे. आता यांना खोटं पाडायचंच, म्हणून ते दिवस मावळता मावळता एकटेच गाडी घेऊन कालव्यावर गेले. मागेपुढे कोणी नाही हे बघितलं. काचेवर ओणवं होऊन नखाने टिकली काढली, ती स्टिअरिंगला चिकटवली आणि गाडी सुरू केली.

अंधार दाटला आणि अप्पर लागला. कालव्याचं पाणी, उसाचे तुरे, लांबच्या पुलाचा कठडा, सगळं लख्ख. समोरून ट्रॅक्टर आला, दिवे खाली आले. ट्रॅक्टर गेला, पुन्हा वर.

तात्यांनी गाडी थांबवली. आधी त्यांना टिकलीचा राग आला. मग ती बनवणाऱ्या कंपनीचा आला. मग राग धरायला कोणी उरलंच नाही, आणि सत्यवानचा तो केक आठवून त्यांना ब्रह्मांड आठवलं. आपण काय करून बसलो! हे कोणाला कळणार नव्हतं. टिकली कालव्यात टाकली असती तर प्रश्न मिटला असता. त्यांनी ती टाकली नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

सकाळी नोहा गॅरेजात पाने-पक्कड खोक्यात भरत होता. तात्यांनी त्याच्यासमोर अंगठा धरला. अंगठ्यावर टिकली.

"दिसली हुती मला," नोहा म्हणाला.

"कवा?"

"त्याच दिवशी. म्हनून तर विचारलं."

"मग काढली का न्हाई? बोलला का न्हाई?"

नोहाने पाना खाली ठेवला. "तात्या, ती दृष्टीची. मी हात लावला असता आन् उद्या गाडी कुटं घासली असती, तर नोहानं टिकली काढली म्हनून झालं असतं. आन् मागनं गावात सांगितलं असतं, तर तुमचं हसं झालं असतं. आमच्या वडलांचे दोस्त तुमी." मग पाना पुन्हा उचलत तो म्हणाला, "आन् खरं सांगा, टिकलीमुळं हाय असं मी म्हनलो असतो, तर तुमी मानलं असतं?"

तात्यांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःलाच काट्यावर चढवलं. "न्हाई," ते म्हणाले.

ते तिथून अजिनाथच्या हॉटेलात गेले. बाक भरलेले होते. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. टिकलीचं, खोटं बोलल्याचं, नोहाने काही काढलं नव्हतं याचं. कोणी हसेल म्हणून ते तयार होते. कोणी हसलं नाही.

कानिफनाथने बशी खाली ठेवली. "तात्या, काय दिलं वो नोहानं, असं बोलायला?"

तो सूर तात्यांच्या ओळखीचा होता. त्यांचाच होता. गावाला ही सवय ज्याने लावली, त्यालाच आता गाव मानत नव्हतं. "संध्याकाळी चल कालव्यावर," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी कानिफनाथने स्वतः टिकली लावली, स्वतः काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. दिवे गेले, आले, गेले, आले. शेवटी टिकलीचा चिकटपणाच संपला.

"उद्या जीप आनतो नोहाकडं," कानिफनाथ म्हणाला. "पन काम हुईस्तोवर मी हुभा राहनार."

"हुभं राहायचं न्हाई," तात्या म्हणाले. "चावी द्यायची आन् घरी जायचं."

कानिफनाथ म्हणाला, "आदी तुमी करून दाखवा."

सकाळी तात्या गाडी घेऊन नोहाच्या दारात गेले. हॉर्न जरा बारीक वाजतोय म्हणाले, चावी त्याच्या हातावर ठेवली आणि चालत निघाले. पलीकडच्या हॉटेलातून सगळे बाक त्यांच्याकडे बघत होते. मागे बोनेट उघडल्याचा आवाज आला. तात्यांची मान आपोआप वळायला लागली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, नजर कालव्याच्या पाण्यावर ठेवली आणि वस्तीच्या वळणापर्यंत तसेच चालत गेले.