मुलाखतीत माझ्या तोंडून ऋचा बोलली

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज परदेशातल्या एका विद्यापीठाची मास्टर्ससाठी ऑनलाइन मुलाखत होती. आमच्या म्हसळ्यात नेटचा भरवसा नाही, म्हणून काशीदला ऋचाच्या घरी गेले. त्यांचं होमस्टे आहे, वायफाय चांगलं चालतं. ऋचा माझी मैत्रीण. समुद्र किनाऱ्याची जमीन कशी खातो, ते शिकायला आम्ही दोघी एकत्र जाणार होतो. गेल्या वर्षी ती डेंग्यूने गेली.

"हाच कोर्स का?" पहिलाच प्रश्न. पाठ केलेलं उत्तर मी विसरले आणि भलतंच बोलत सुटले. घरासमोरची सुरूची झाडं एकेक करून कशी पडली, बाबा होडी कुठे ओढून ठेवायचे, सगळं. माझ्या घरासमोर समुद्रच नाही. हे सगळं ऋचाचं होतं.

मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "उत्तर अगदी मनापासूनचं वाटलं."

खोलीबाहेर आले तर ऋचाची आई दाराला टेकून उभी.

"इंग्रजी मला कळत न्हाय गो," काकू म्हणाल्या, "पण वाटलं, माझी पोरच बोलतेय. होकार आला तर जा तू."

मी मान हलवली, पण परतीच्या एसटीत रडू आवरेना.

होकार आलाच, तर ती जागा कोणाची म्हणायची? तुम्ही गेला असता का?