तपासणी बंद करणार नाही

हुबळीच्या आमच्या कापड दुकानातला कॉम्प्युटर मी चालवते, ही गोष्ट माझ्या दिरांच्या घशाखाली कधी उतरलीच नाही. सुनेनं गल्ल्याशेजारी बसून बिलं करायची, म्हणजे त्यांना दुकानाची शोभा गेल्यासारखं वाटे. सासरे, म्हणजे अप्पा, या विषयावर गप्प असत. कॉम्प्युटरवर लिनक्स मीच टाकलं होतं. बिलांचा प्रोग्राम धारवाडच्या एका छोट्या कंपनीचा होता.

एका सकाळी त्याची नवी आवृत्ती घ्यायला गेले, तर कॉम्प्युटर अडून बसला. माल आलाय, पण त्यावरची कंपनीची डिजिटल सही खरी की खोटी हे तपासायची किल्ली माझ्याकडे नाही, असं त्याचं म्हणणं. जुन्या आवृत्तीत कराचे नवे दर नव्हते, त्यामुळे बिलं बंद आणि गिऱ्हाइकं दारात. दिरांना आयती संधी मिळाली. त्यांनी रायापूरच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, ती तपासणीच बंद करून टाका, काही होत नाही. नाही जमलं तर सगळं पुसून दुसरं टाकू, असं दीर म्हणाले, आणि बिलांना आपला एक माणूस बसवू.

मला राग आला तो या शेवटच्या वाक्याचा.

इचलकरंजीहून येणाऱ्या गठ्ठ्यावर व्यापाऱ्याचा मार्का असतो. मार्का बदललेला दिसला की अप्पा सुतळी कापू देत नाहीत. विचारायचं तेही गठ्ठ्यावर छापलेल्या नंबरावर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर. खोटा मार्का छापणारा नंबरही आपलाच छापणार ना.

"वैनी, कशाला ताणताय? बंद करून टाका की," दीर म्हणाले.

"नाही करणार. अनोळखी मार्क्याचा गठ्ठा तुम्ही फोडाल का, भावजी?"

अप्पांनी पेपर खाली ठेवला.

कंपनीनं किल्ली बदलली होती आणि नवी आपल्या वेबसाइटवर ठेवली होती. ती उतरवून घेतली, पण बसवली नाही. प्रोग्राम घेतला तेव्हापासून भिंतीवर चिकटवलेल्या नंबराला फोन केला. तिथल्या मुलीनं किल्लीची ओळख पटवणारे आकडे आणि अक्षरं कन्नडमध्ये वाचून दाखवली, मी पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहिली. पुन्हा वाचायला लावल्यावर ती वैतागली. वैतागू दे. मग किल्ली बसवली, तीही फक्त त्या कंपनीच्या मालापुरती. या वेळी कॉम्प्युटरनं तक्रार केली नाही. नव्या दरानं पहिलं बिल निघालं.

दिरांनी प्रिंटरमधून बिल ओढून दर वाचला. मग म्हणाले, झालं ते बरं झालं, आता पासवर्ड तेवढा लिहून द्या, सोमवारपासून आमचा माणूस बसेल.

"पासवर्ड अप्पांना ठाऊक आहे. आणि माणूस आणणार असाल तर त्याच्यासाठी खुर्चीही आणा. या खुर्चीवर मी बसलेय."

अप्पांनी पुढच्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवलं.