कुंकू लावून मुलाखतीला

माझा नवरा एका मारामारीत काही महिने आत होता. तो सुटून आला, कामाला लागला, पण मेहकरातल्या आमच्या गल्लीत मी जी जेलवाली झाले ती झालेच. तोंडावर ताई, पाठीमागे जेलवाली. आणि कोणाचा पोरगा आत गेला, की हेच लोक आधी माझं दार वाजवतात. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं ऐकवणाऱ्यांना ती कधी चढावी लागलेली नसते. मी वकील नाही. कैद्याची भेट, जिला तिथं मुलाखत म्हणतात, ती कशी मिळते, मोबाईल कुठं ठेवायचा, घरचा डबा आत का जात नाही, एवढंच समजावते. काचेपलीकडच्या माणसाशी फोनवर बोलायचं असतं. पहिल्या वेळी भेदरून मी तो फोन उलटाच कानाला लावला होता.

खरं सांगायचं तर अजूनही बुलढाणा जेलच्या फाटकातून आत जाताना मी कोणाचा तरी हात धरते.

गेल्या उन्हाळ्यात जानेफळकडची एक मावशी आली, पोराच्या मुलाखतीला सोबत चला म्हणत. तिचा एकुलता एक पोरगा आत होता. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं आणि यानं काठी घालून त्याचा उजवा हात मोडला. कलम मोठं लागलं, जामीन होईना. एवढं मला गावाकडून कळलंच होतं. मावशीनं सांगितलं ते नवीन होतं. तिचा नवरा वारला होता, तेरवी होऊन गेली होती आणि पोराला कोणी काही कळवलं नव्हतं.

मी चिडले. “आधी का नाही आलात? कोर्टात अर्ज करता आला असता. पोलिसांसोबत का होईना, आणलं असतं त्याला.”

“बेड्या घालून आनू काय बापाच्या मयतीले? सारं गाव पाहते,” ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. “आन् अग्नी कोनं देल्ला, मालूम हाये का तुमाले? त्या चुलतभावानंच. भाऊबंदकीत दुसरं कोनी जवळचं नव्हतं. पोरगा मांगच्या खेपेलेच म्हने, बाले काई झालं तर मी बी राहत नाई. आता हे समजलं तर थो जीव ठेवत नाई, ताई.”

मला सांगता आलं असतं की काचेतून खोटं बोलणं सोपं नसतं, समोरच्याला तुमच्या तोंडाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. पण मीही घाबरले. मी ‘सांगून टाका’ म्हणावं, आणि त्यानं खरंच काही करून घेतलं तर? तिला घेऊन मी एसटीत बसले.

बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो. मावशी तोंड धुऊन येते म्हणून गेली आणि आली ती कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या घालून. मी बघतच राहिले.

“अशा पाहू नका माह्याकडं,” ती म्हणाली. “त्याले माहं कपाळ दिसीन ना.”

रांगेत ती पुटपुटत होती, “बा वावरात गेले. बा बरे हायेत.” झडती घेणाऱ्या बाई पोलिसासमोर हात वर करताना तिच्या बांगड्या वाजायला लागल्या. “सावकाश, मावशी,” त्या म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक.

पोरगा आला तो डोक्याला पंचा गुंडाळून. मावशीनं फोन उचलला आणि एका दमात पाठ केलेलं बोलून टाकलं. मी खेटून उभी होते, मलाही ऐकू येत होतं. तो तिच्या कपाळाकडं बघत राहिला. मग त्यानं पंचा काढला.

डोकं भादरलेलं होतं. मिशीही नव्हती. नुसते बारीक खुंट.

मावशीचा हात झटकन वर गेला आणि तिनं आपलं कुंकू झाकलं.

“गावातला एक जन आत आला,” तो म्हणाला. “त्यानं सांगतलं. मंग इथल्याच न्हाव्याकून केस काढले.”

ज्याच्या भीतीनं आम्ही मेलो होतो, ते त्याच्यावर केव्हाच येऊन गेलं होतं. बापाचं दुःख त्यानं चार परक्या माणसांत एकट्यानं काढलं होतं. तो जिवंत होता. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता.

“अग्नी कोनं देल्ला, माय?”

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. “सांगा,” मी म्हटलं.

“ज्याच्यापायी तू इथं हायेस, त्यानंच,” ती म्हणाली.

मी त्याच्या हातांकडं बघत होते. आता हा काचेवर डोकं आपटतो की काय, असं वाटलं. मागचा शिपाईही एक पाऊल पुढं सरकला.

“मडकं उचललं त्याच्यानं?” पोरानं विचारलं.

“हाव. एका हातानं. उजवा अजून वर होत नाई त्याचा.”

तो खाली बसला. मावशीनं पदरानं कपाळ घासलं, कुंकू भुवईवर पसरलं, तरी ती घासतच राहिली. काचेपलीकडून तो रडत रडत तिला थांब म्हणत होता, पण फोन त्याच्या हातून सुटला होता आणि तिला काहीच ऐकू जात नव्हतं.