तिला कळवू नका

ऑस्ट्रेलियातल्या कायम रहिवासाला कायम म्हणत असले, तरी त्यात एक अट असते आणि ती बहुतेकांना देश सोडायची वेळ येईपर्यंत ठाऊक नसते. देशात आहात तोवर रहिवास शाबूत. बाहेर जाऊन परत येण्याची मुभा मात्र पाच वर्षांचीच. ती संपताना, मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तुम्ही इथे काढलेली असतील तर पुढची पाच मिळतात. नसतील, तर कारणं सांगायची, पुरावे जोडायचे आणि वाट बघायची.

माझी दोन वर्षं भरत नव्हती. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून मी वसईला गेले, ती त्यांना माती देईपर्यंत तिथेच राहिले. त्याच मुक्कामात, पन्नाशीला टेकल्यावर, माझं लग्न झालं. नवरा आमच्याच धर्मग्रामातला, एकाच चर्चचा. विधुर, शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर, घरामागे केळीची लहानशी बाग. त्याची पहिली सासुरवाडीही त्याच चर्चमध्ये येणारी, म्हणून आम्ही सकाळच्या मिस्साला, मोजक्या माणसांत लग्न उरकलं. हॉल नाही, बँड नाही, फोटोग्राफर नाही. साक्षीदाराने मोबाइलवर थोडे फोटो काढले, त्यांतल्या निम्म्यांत फादरच पुढे आले आहेत.

परतीची मुभा मला कशीबशी एका वर्षाची मिळाली. मी सिडनीला उतरले आणि थोड्याच दिवसांत कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. मागे नवरा, पुढे पोलिसांनी ओसाड केलेले रस्ते, आणि मधे मी, हॅरिस पार्कमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

मी बसून राहणारी बाई नाही. आठवड्याभरात जुन्या नोकरीवर रुजू झाले. एका वृद्धाश्रमात कर्मचाऱ्यांचं रोस्टर लावायचं माझं काम होतं. कोण कुठल्या शिफ्टला, कोण कोणाच्या जागी. त्या दिवसांत दर सकाळी रोस्टरला नवी भोकं पडलेली असायची. कुणाला खोकला, कुणाच्या घरात कुणाला ताप. मी भोकं बुजवायची. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याची व्हिसाची फाइल उघडायची. त्याला बोलावून घ्यायचं तर मी इथली रहिवासी, मी त्याची हमी देणारी, आणि आमचं लग्न खरं, हे तिन्ही दाखवायला हवं होतं.

व्हिसाच्या सल्लागार बाईंनी व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी बजावल्या. पहिली, दोन वर्षं भरेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. वर्षाची मुभा संपली की परत येण्याची खात्री मी देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली.

“तुमचं लग्न खरं आहे हे मला दिसतंय. फाइलमध्ये दिसत नाही.”

खरंच दिसत नव्हतं. बँकेची खाती वेगवेगळी, कारण दोघंही आपापला व्यवहार चोख ठेवणारे. एकत्र राहिलो ते जेमतेम एक उन्हाळाभर. एकमेकांना लिहिलेले मेसेज म्हणजे ‘पोचलीस का’ आणि ‘पंप दुरुस्त झाला’. आमच्या वयाचं माणूस आणखी काय लिहिणार? मी होतं ते सगळं लावलं आणि अर्ज भरला.

वरच्या मजल्यावर नागपूरची एक मैत्रीण राहायची. हिशेबाच्या फर्ममध्ये कामाला, त्या काळात घरूनच काम करायची. विहारातले कार्यक्रम बंद पडल्यामुळे तिला बोलायला माणूस हवं असायचं आणि मला ऐकायला. माझी फाइल बघून ती म्हणाली, “काय बाई तू! नवऱ्याचंही रोस्टरच लावलंस. एखादं प्रेमपत्र तरी टाक मधे.” मी म्हटलं, त्याच्याकडून प्रेमपत्र मागवलं तर तो आधी विषय आणि समास विचारेल. ती बराच वेळ हसली.

वर्ष गेलं. माझी परतीची मुभा संपली. आता मी आत होते तोवर ठीक होते.

मग भारतात दुसरी लाट आली.

आमचा रोजचा व्हिडिओ कॉल माझ्या संध्याकाळी, त्याच्या दुपारी व्हायचा. एक दिवस तो झाला नाही. त्याऐवजी त्याच्या आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप आला: नेटवर्क धड नाही, मी बरा आहे, तू जेवलीस का? दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही. मी काही विचारलं, तर उत्तर नणंदेकडून यायचं. ती शेजारच्याच घरात राहते, लग्न केलेलं नाही, भावाची देखभाल तिच्याकडेच. “दादा बागेत गेलाय.” “दादा आताच पडलाय, उठवू नको म्हणालाय.” मी फोटो पाठवायला सांगितलं. तासाभराने आला. नवरा ओटीवर खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र, चेहरा टवटवीत.

त्या फोटोत मागे घराचं दार होतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या झावळीचा क्रूस आम्ही दारावर लावतो, तो वर्षभर तिथेच वाळतो. यंदाचा क्रूस लावल्याचं त्याने मला स्वतः सांगितलं होतं. फोटोतल्या दारावर तो नव्हता. पडला असेल, असं म्हणून मी भांडी घासायला गेले. भांडी घासून परत येऊन फोटो पुन्हा मोठा करून बघितला. तरी पडलाच असेल असं ठरवलं. रोस्टरमध्ये सकाळी दोघी कमी होत्या.

निरोप येत राहिले. ऊन फार आहे. घड चांगला धरलाय. तू जेवलीस का? प्रत्येक निरोपामागे कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप चालू असायचा, एकसारखा.

अशाच एका दुपारी कामावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. व्हिसा कार्यालयातला अधिकारी होता. आवाज सौम्य, तरुण. माझी जन्मतारीख, नवऱ्याची जन्मतारीख, लग्न कुठे झालं, हे सगळं त्याने विचारलं, मी सांगितलं. ही मुलाखत येणार हे मला माहीत होतं आणि माझी तयारी होती. मग त्याने विचारलं, तुमचे पती सध्या कुठे आहेत?

घरी, मी म्हटलं. वसईला.

प्रकृती कशी आहे?

बरी आहे. कालच निरोप आला.

काय म्हणाले?

ऊन फार आहे म्हणाले. आणि जेवलीस का असं विचारलं.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग तो अधिकारी, एकेक शब्द निवडत, म्हणाला की त्याने काल माझ्या पतींच्या नंबरवर फोन केला होता. एका स्त्रीने उचलला. पती आठवड्याहून जास्त दिवस इस्पितळात आहेत, ऑक्सिजनवर आहेत, बोलू शकत नाहीत, असं तिने सांगितलं.

“आणि तिने मला एक विनंती केली,” तो म्हणाला. “त्यांच्या पत्नीला हे कळवू नका.”

मला हे माहीत होतं का, असं त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. ही बातमी माझ्याकडून कळावी लागली याचं वाईट वाटतं, असं तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटलं असावं. त्यानंतर त्याच आवाजात त्याने सांगितलं की या बाबतीत खुलासा मागणारं पत्र मला येईल. पती आजारी असल्याचं पत्नीला माहीत नसणं, आणि ते तिच्यापासून लपवायला कुटुंबाने सांगणं, या गोष्टी विवाहाच्या खरेपणाविषयी निर्णय घेताना विचारात घ्याव्या लागतात.

मी गाडीत जाऊन बसले आणि नणंदेला फोन लावला.

“वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सरकारने.”

ती रडली नाही. बऱ्याच दिवसांनी पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यासारखं घडाघडा बोलली. दादाने गळ्यातल्या क्रूसावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं. तिला कळलं तर ती मिळेल त्या विमानाने येईल, मग तिला परत आत घेणार नाहीत, सगळं केलेलं मातीत जाईल. ताप चढायला लागला त्या दुपारी तो ओटीवर बसला आणि त्याने निरोप भरून ठेवले, एकामागून एक, पुरून उरतील असे. ती रोज एक पाठवत होती. शेवटी शेवटी त्याला काय बोलावं सुचेना, मग नुसतंच ‘जेवलीस का’ म्हणाला. फोटो मागच्या वर्षीचा होता, चर्च बंद असल्याने झावळ्या मिळाल्या नव्हत्या तेव्हाचा.

“किती उरलेत?” मी विचारलं.

“थोडे.” मग हलक्या आवाजात, “पाठवू का?”

मी नको म्हटलं.

त्या संध्याकाळी वॉर्डमधल्या नर्सने मिनिटभर फोन त्याच्यासमोर धरला. तोंडावर मास्क, वर दोन डोळे. त्याने हात उचलला आणि बोटांनी घास घेतल्याची खूण केली. जेवलीस का.

मी जायची तयारी केली. देश सोडायला वेगळी परवानगी लागत होती, तिचा अर्ज उघडला. त्याच आठवड्यात इथल्या सरकारने भारतातून येणाऱ्यांना, स्वतःच्या नागरिकांनासुद्धा, दार बंद केलं. गेले तर कधी परत येणार ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि मी इथे नसेन तर त्याची हमी कोण देणार? वरची मैत्रीण डबा घेऊन खाली आली. जाऊ का, मी तिला विचारलं.

“जा म्हटलं तर तुझं इथलं जाईल. राहा म्हटलं आणि काही झालं, तर जन्मभर माझं तोंड बघणार नाहीस. मी काहीच म्हणत नाही,” ती म्हणाली. “वरण-भात खा.”

मी गेले नाही. गेले असते तरी वॉर्डच्या बंद दाराबाहेर बसले असते. आत कुणालाच सोडत नव्हते. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं. हिशेब बरोबर होता. तरी सकाळी फोन वाजला की मी आधी खुर्चीची पाठ धरायची.

खुलाशाचं पत्र आलं. मी इंग्रजीत उत्तर लिहायला बसले, आणि जे मला वसईच्या बाजारातल्या कुठल्याही बाईला एका वाक्यात सांगता आलं असतं, ते पानभर लिहूनही बसेना. आमच्याकडे दूरच्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. तो तिकडे एकटा, काळजीने खचेल, म्हणून दुखणं बरं झाल्यावर सांगतात, कधी कधी माती दिल्यावर. वडिलांना पहिला झटका आला तेव्हा मलाही पंधरवड्याने कळलं होतं. सल्लागार बाईंनी माझं लिखाण वाचलं आणि म्हणाल्या, हे इंग्रजीत सबबीसारखं वाटतं. तुमचं राहू द्या. ज्यांनी लपवलं त्यांनी लिहू द्या.

नणंदेने एका कागदावर मराठीत लिहून पाठवलं. अधिकृत भाषांतर करून घेण्याआधी मी आणि मैत्रिणीने ते माझ्या स्वयंपाकघरात वाचलं. दादाची तब्येत, इस्पितळ, वचन, सगळं तिने सरळ लिहिलं होतं. शेवटी असं होतं: ‘तुमच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं, कारण ते परके होते. वहिनींना सांगितलं नाही. त्या घरातल्या आहेत.’

मैत्रीण उठली आणि तिने चहा ठेवला.

उत्तर यायला बरेच महिने लागले. नवरा त्याआधी घरी आला होता, काठी घेऊन, नंतर काठी सोडून. नंतरचे सगळे कॉल कॅमेरा लावून झाले. ती अट मी घातली होती. माझी दोन वर्षं पुरी झाली, परतीची मुभा पाच वर्षांची मिळाली, आणि एका सकाळी रोस्टर लावताना त्याचा व्हिसा मंजूर झाल्याची ईमेल आली. कारण लिहिलेलं नव्हतं. मंजुरीला कारण देत नाहीत.

सीमा उघडल्यावर तो आला. विमानतळावर मी त्याला आधी ओळखलं नाही, शर्ट इतका मोठा झाला होता. आम्ही ट्रेनने हॅरिस पार्कला उतरलो, बॅग मी घेतली. मिठाईच्या दुकानांवरून, भाज्यांच्या खोक्यांवरून चालत घरापर्यंत आलो, तो प्रत्येक गोष्टीचा भाव विचारत होता आणि वसईशी तुलना करून मान हलवत होता. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात तो थांबला आणि कठडा धरून खाली वाकला.

“काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “चप्पल सैल झालीय.”

त्याच्या पायात नाडीचे बूट होते, आणि नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. मी त्याच्या मागच्या पायरीवर उभी राहून त्याचा श्वास ऐकला. बराच वेळ तो जागेवर येत नव्हता. वरून मैत्रिणीच्या दाराची कडी वाजली, तसा तो सरळ झाला आणि चढायला लागला.

संध्याकाळी तो झोपल्यावर नणंदेचा फोन आला. तिकडे दुपार होती, मागे पंप चालू होता. प्रवास कसा झाला, जेवला का, थंडी आहे का, तिने सगळं विचारलं. मग म्हणाली, “दादा बरा आहे ना, वहिनी?”

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

“बरा आहे,” मी म्हणाले. “आताच पडलाय.”